मागची दोन की चारही

ब्रेकबाईंना ब्रेकबाई म्हणायला पहिल्यांदा कोणी सुरुवात केली ते आता सांगता यायचं नाही. पण नाव असं चपखल बसलं की शेवटी शेवटी त्यांच्या सासूबाईसुद्धा "अगं ब्रेक, जरा चहा टाक" म्हणायला लागल्या होत्या. एकोणतीस वर्षं बाईंनी गावाला मोटार चालवायला शिकवली. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक असतो. एकोणतीस वर्षं बाईंचा उजवा पाय त्या ब्रेकवर दबा धरून बसलेला. पुढे पुढे पायाला गाडीची गरजच उरली नाही. लिफ्ट खाली जायला लागली की पाय दाबला जायचा. नवऱ्याने चहात तिसरा चमचा साखर घेतली की टेबलाखाली पाय दाबला जायचा. एकदा दातांच्या डॉक्टरांनी ड्रिल तोंडाजवळ आणलं आणि बाईंचा पाय असा सुटला की हत्यारांचा ट्रे खिडकीपर्यंत गेला. डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. "सॉरी बाई," म्हणून तो जागच्या जागी थांबला आणि नकळत त्याने हातातल्या दात बघायच्या आरशात मागे पाहिलं.

बाईंची शाळा म्हणजे एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, टेबलावर चौक आखलेला पुठ्ठा, त्याच्यावर खेळण्यातल्या सहा मोटारी, आणि बाहेर सगळ्या बाजूंनी पोचे आलेल्या तीन खऱ्या मोटारी. बाईंचा मंत्र एकच : "आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा." निम्मं गाव अजूनही गाडी काढताना ओठ हलवतं ते यामुळेच. चाळीसच्या पुढे काटा गेला की बाई सौम्य आवाजात विचारायच्या, "घरी कोणी आजारी आहे का?" की काटा आपोआप खाली.

अशा बाईंच्या मनात अकरा वर्षं एक स्पोर्ट्स कार लपून बसली होती, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटलं नसतं. म्हणून त्यांनी कोणाला सांगितलंच नाही.

झालं होतं असं की एका सकाळी बाई एका लठ्ठ बेकरीवाल्यांना शिकवत होत्या. सिग्नल लाल होता. शेजारी एक मोहरीच्या रंगाची गाडी येऊन थांबली, इतकी बुटकी की बेकरीवाल्यांना वाटलं कोणीतरी खाली बसलंय. सिग्नल हिरवा झाला आणि कोऱ्या कापडाचं ठाण एका दमात टरकावं तसा आवाज करत ती गाडी निघून गेली. बेकरीवाल्यांनी घाबरून आपली गाडी बंद पाडली. मागून हॉर्न सुरू झाले. एरवी बाईंनी "घाई नाही, पुन्हा चावी" म्हटलं असतं. त्या दिवशी बराच वेळ त्या समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिल्या, आणि बेकरीवाल्यांना वाटलं, आता आपल्याला कायमचं काढून टाकणार.

गेल्या वर्षी बाईंनी तिन्ही मोटारी, तक्ता आणि पुठ्ठ्याच्या चौकासकट शाळा विकली. आठ दिवस घरात स्वस्थ बसून पाहिलं. नवव्या दिवशी नाश्त्याला त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी गाडी घेणार आहे."

"घे की. आपली खडखडच करते आता."

"स्पोर्ट्स कार."

नवऱ्याच्या हातातला टोस्ट चहात पडला, तळाला गेला आणि परत वर आला नाही.

बाईंचे यजमान चौतीस वर्षं घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे. गल्लीत त्यांना मीटरकाका म्हणायचे. माणूस अबोल, पण जे वहीत उतरलं नाही ते घडलंच नाही असं मानणारा. ते हसले नाहीत, चिडले नाहीत. उठले, कपाटातून कोरी वही काढली आणि चार दिवस कॉम्प्युटरपुढे गडप झाले. पाचव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वही ठेवून ते म्हणाले, "गाडी कुठली घ्यायची ते ठरलं. पण ती येते दोन प्रकारांत. एकीत इंजिनाची सगळी ताकद मागच्या दोन चाकांना जाते. दुसरीत चारही चाकांना. बाकी सगळं तेच."

"मग?"

"मग काय? इथेच घोडं अडलंय."

त्या वेळी टेबलाशी तिसरी व्यक्ती होती. ती म्हणजे वन्सं. मीटरकाकांची धाकटी बहीण, वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि जेवायच्या वेळी बरोबर खाली यायची. इस्पितळाच्या धुलाईघराची मुकादमीण. तिथे मशीन रिकामं दिसलं तरी हिचं डोकं फिरायचं, माणूस रिकामा दिसला तर विचारायलाच नको.

"थांब दादा," वन्सं घास हातात धरून म्हणाली. "म्हणजे पहिल्या गाडीत मागची दोन चाकं मरमर मरणार, आणि पुढची दोन नुसती फिरणार?"

"पुढच्यांना वळायचं काम असतं, वन्सं," बाई म्हणाल्या.

"वळायचं हे काय काम झालं, वहिनी? माझ्याकडे दोन बायका आहेत तशा. दिवसभर इकडून तिकडे वळतात. ते काही नाही. चार चाकांचा पगार देताय ना? मग चारही राबली पाहिजेत."

मीटरकाकांनी वहीत लिहिलं : 'बहिणीचं मत – चारही.' मग ते म्हणाले, "मत नको. प्रयोग करू."

फरशी नुकतीच पुसलेली होती. काकांनी कॉम्प्युटरची चाकांची खुर्ची बोळात आणली आणि वन्संना तीत बसवलं. वन्सं म्हणजे मोटार. "हा पहिला प्रकार," काका म्हणाले. "ताकद फक्त मागून." आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात लावून ढकलायला सुरुवात केली. सरळ बोळात मोटार झकास निघाली. स्वयंपाकघराकडे वळायची वेळ आली तसा काकांनी जोर वाढवला, ओल्या फरशीवर खुर्चीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला, वन्संनी एक गिरकी घेतली आणि ती चपलांच्या मांडणीवर जाऊन आदळली. मांडीत दोन सॅंडल आणि एक गमबूट.

"आता दुसरा प्रकार," काका धापा टाकत म्हणाले. या वेळी बाईंनी पुढून खुर्चीचे हात धरून ओढलं, काकांनी मागून ढकललं. मोटार हळू गेली, शहाण्यासारखी वळली आणि ओट्यापाशी येऊन थांबली. कोणालाच काही झालं नाही.

"सिद्ध झालं," काका म्हणाले. "चारही."

"चारहीच!" वन्सं गुडघा चोळत म्हणाली.

पण बाईंनी एक गोष्ट टिपली होती. गिरकी घेताना वन्संच्या तोंडून जो आवाज निघाला ती किंकाळी नव्हती. वन्सं हसली होती. इतक्या वर्षांत धुलाईघराच्या मुकादमिणीचं असं हसणं त्यांनी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या प्रकारात मात्र ती, दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात तशी बसली होती.

शनिवारी बाई आणि काका शोरूमला गेले. काचेचं दार आपोआप उघडलं, आतला मॅनेजर हसत पुढे आला, बाईंना पाहिलं आणि जागीच खांबासारखा उभा राहिला. हा बाईंचा विद्यार्थी. परीक्षेला सहा वेळा नापास झाला आणि सातव्या वेळी पास झाला, म्हणून बाई त्याला सातवा म्हणत. चौथ्या परीक्षेत त्याने परीक्षकांच्याच स्कूटरवर गाडी घातली होती.

"बाई, तुम्ही? इथे? माझं लायसन परत घ्यायला आलात का?"

"गाडी घ्यायला आले रे. उभा काय राहिलास, दाखव."

सातव्याने दाखवली. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक राखाडी, एक लाल. राखाडीची चारही चाकं राबणारी, लालची मागची दोन. सातवा मान खाली घालून पाठ म्हटल्यासारखा सांगत होता. राखाडी ओल्या रस्त्यावर रस्ता सोडत नाही, लाल हलकी आहे, वळणावर खेळते. "वजनात फरक बासष्ट किलोंचा, बाई. चारही चाकांना ताकद पोचवायची म्हणजे जास्तीचं लोखंड लागतं ना."

काकांनी वहीतून डोकं वर काढलं. "बासष्ट? तेवढं तर माझं वजन आहे."

काकांनी वहीच्या कोपऱ्यात बेरीज करून पाहिली.

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "लाल गाडी मला घेऊन जेवढी जड, तेवढीच राखाडी गाडी माझ्याशिवाय?"

"अगदी बरोबर, काका."

"म्हणजे राखाडी घेतली तर तुम्ही घरी राहिलात तरी आल्यासारखेच," बाई म्हणाल्या.

काकांनी हे वाक्य वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, आणि ते आपल्या बाजूचं आहे की विरुद्ध याचा विचार करत उभे राहिले.

शोरूमच्या मागे सिमेंटचं मोठं आवार होतं. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी गाड्या तिथे धूत. शनिवारी दुपारी ते रिकामं होतं आणि जमिनीवर साबणाचं पाणी चकाकत होतं. बाईंनी हट्ट धरला, इथेच चालवून बघणार. काकांनी वेगळाच हट्ट धरला. "मी मागे बसणार. मागची चाकं काय करतात ते मागे बसल्याशिवाय कळायचं नाही." सातवा म्हणाला, काका, ती सीट नावाला आहे, तिथे लोक छत्री ठेवतात. पण काका वही छातीशी धरून घडी घातल्यासारखे आत शिरले आणि त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले.

आधी राखाडी. बाईंनी आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा केलं आणि गाडी सोडली. साबणातून वळवली, जोरात वळवली, मुद्दाम चुकीची वळवली. गाडी रुळावर असल्यासारखी गेली. बाईंनी चूक करायच्या आत गाडीने ती दुरुस्त केलेली असायची. काकांनी मागे लिहिलं : 'उत्तम.' बाई खाली उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा, तपासायला घेतलेल्या पेपरात एकही चूक न सापडलेल्या मास्तरणीसारखा झाला होता.

मग लाल. काकांना एका गाडीतून काढून दुसरीत भरायला दोन मेकॅनिक लागले. सातवा शेजारी बसला.

"ते घसरू न देणारं बटण असतं ना," बाई म्हणाल्या, "ते बंद कर."

"बाई, नको."

"सातव्या."

त्याने बंद केलं.

पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्या वळणावर बाईंनी ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला आणि गाडीचं शेपूट जे सुटलं ते थेट पुढे यायला निघालं. आवार, शोरूम, मेकॅनिक, पाण्याची टाकी, पुन्हा शोरूम असं सगळं काचेसमोरून वाहून गेलं. सातव्याचा पाय सीटपुढच्या रिकाम्या चटईवर ब्रेक शोधत थाडथाड आपटत होता. "बाई ब्रेक! ब्रेक बाई!" तो ओरडत होता आणि हाक कुठली आणि विनंती कुठली ते कळायला मार्ग नव्हता.

"ब्रेक अजिबात नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "शेपूट जिकडे चाललंय तिकडेच स्टिअरिंग फिरवायचं, आणि पाय सावकाश उचलायचा. बघतोयस ना? नीट बघ." गाडी वळली, सावरली, उलट बाजूला शेपूट हलवून पुन्हा सावरली आणि पाण्याच्या टाकीपासून वीतभर अंतरावर, पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, उभी राहिली.

आणि बाई हसायला लागल्या. पोट धरून, स्टिअरिंगवर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांच्या लक्षात आलं की उजवा पाय गप्प होता. या सगळ्या धिंगाण्यात तो एकदाही ब्रेककडे धावला नव्हता.

"मागे कोण हसतंय?" त्यांनी विचारलं.

मागे कोणी हसत नव्हतं. मागे काका अडकून कण्हत होते. गिरकीत ते सीटच्या फटीत असे जाऊन बसले होते की बाहेरून फक्त वही आणि एक बूट दिसत होता. मेकॅनिकांनी आधी ओढून पाहिलं, मग साबण लावून पाहिला, शेवटी पुढच्या सीटचे चार बोल्ट काढले तेव्हा काका बाहेर आले. ते काही वेळ बसलेल्या आकारातच उभे होते. वहीच्या पानावर एकच रेघ होती. ती पानभर गोल गोल फिरून कडेवरून खाली उतरली होती आणि पुढे काकांच्या शर्टावर चालू होती.

"काय कळलं मागच्या चाकांचं?" बाईंनी विचारलं.

"मला मळमळतंय," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, वहीत न बघता, "पण तू याआधी अशी कधी हसली होतीस त्याची नोंद नाही माझ्याकडे."

सातवा बिचारा घाम पुसत उभा होता. "बाई, मग राखाडीच ना? सगळे शेवटी तीच घेतात."

"गुणाची आहे रे ती," बाई म्हणाल्या. "पण मी सांगायच्या आधीच बरोबर वागते. वर्गात एक पहिल्या नंबरचा मुलगा असतो बघ, त्याला शिकवायला जावं तर आपणच बावळट दिसतो. ही लाल चुकते, पण मी चुकले तरच चुकते. एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका थांबवल्या, सातव्या. त्यांतल्या बऱ्याचशा तुझ्याच होत्या. आता माझ्या स्वतःच्या थोड्या करून बघते."

लाल गाडी घरी आली तो दिवस मात्र बाईंना विसरता यायचा नाही. इमारतीची पार्किंगची जागा तळघरात, आणि तिथे जायला गुळगुळीत उतार. गाडी येणार म्हणून वॉचमनने कौतुकाने तो उतार धुऊन लखलखीत केला होता. खाली जाताना गाडी राजहंसासारखी गेली. थोड्याच वेळाने फेरफटका मारायला बाई ती वर काढायला गेल्या तर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गाडी किंचाळत होती, शेपूट हलवत होती आणि वर म्हणून येत नव्हती.

आवाज ऐकून गॅलऱ्या भरल्या. त्या इमारतीत गाडी चालवणारा प्रत्येक जण बाईंच्या हाताखालून गेलेला. एकोणतीस वर्षं ज्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं त्यांना ही संधी परत थोडीच मिळणार होती?

"बाई, हाफ क्लच!"

"आधी हँडब्रेक ओढा, बाई!"

"घाई नाही, पुन्हा चावी!"

तिसऱ्या मजल्यावरून एक आवाज, अगदी सौम्य, "घरी कोणी आजारी आहे का, बाई?"

बाईंचे कान लाल झाले. पण डोकं ठिकाणावर होतं. ओला उतार, मागच्या चाकांवर वजन नाही, मग पकड कुठून येणार? त्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. उतारापाशी दोघं जण अगदी पुढे उभे होते, एक तळमजल्यावरच्या दवाखान्यातून धावत आलेले दातांचे डॉक्टर, दुसरी वन्सं.

"तुम्ही दोघं. मागे बसा."

"मी सांगत होते," वन्सं आत शिरता शिरता म्हणाली. "चारही घ्या म्हणून सांगत होते. कोणी ऐकलं नाही. आता दोन चाकांचं काम माणसं करणार." डॉक्टर तिच्या शेजारी शिरले. दात काढताना लोक जसे आवाज काढतात तसे काढत ते कसेबसे मावले. बाईंनी पाय अलगद ठेवला. चाकं एकदा घसरली, मग चावा घेतल्यासारखी जमिनीला धरली, आणि टाळ्यांच्या कडकडाटात गाडी वर आली. एकदा वर आल्यावर थांबायचा धीर बाईंना होईना, म्हणून त्या दोघांना तसंच घेऊन त्यांनी नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारली. डॉक्टरांचे दोन पेशंट तोंड उघडून वाट बघत बसले होते असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने उतारावर खरबरीत पट्ट्या ठोकल्या, तेव्हापासून तो प्रश्न मिटला. दर मंगळवारी सकाळी बाई शोरूमच्या आवारात जातात. सातव्याने तशी परवानगी दिली आहे. बदल्यात त्याच्या तिथल्या माणसांना बाई घसरायला शिकवतात. त्या एका तासात त्या काय काय करतात ते बघायला मेकॅनिक डबे घेऊन पायरीवर बसतात.

गावातल्या रस्त्यावर मात्र काटा चाळीसच्या पुढे जात नाही. परवा दूध घेऊन येताना असंच झालं. उतारावर एक सायकलवाले आजोबा लाल गाडीला मागे टाकून गेले आणि पुढच्या चौकातल्या वाहतूक हवालदाराने हात दाखवून बाईंना बाजूला घेतलं. तो बदली होऊन नवाच आलेला होता.

"बाई, गाडी बिघडली आहे का?"

"नाही. चाळीसची मर्यादा आहे ना इथे?"

"आहे. पण या गाडीतून ती कोणी पाळताना मी आजवर पाहिलं नव्हतं, म्हणून विचारलं." त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला बोट लावून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मागची दोन की चारही?"

"मागची."

"मी असतो तर चारही घेतली असती," हवालदार म्हणाला. "पावसात बरं पडतं."

"पावसातच तर गंमत आहे," म्हणत बाईंनी इंजिन बंद केलं आणि त्या खाली उतरल्या. हवालदाराने शिट्टी खिशात टाकली. बाई हाताने गाडीचं शेपूट कसं सुटतं ते दाखवू लागल्या, तो टोपी फिरवून चारही चाकं कशी धरतात ते दाखवू लागला. चौकात चारही बाजूंनी गाड्या तुंबल्या आणि प्रत्येकाने आधी आरशात पाहून मगच हॉर्न वाजवला. काका दुधाची पिशवी मांडीवर घेऊन आत बसून होते. बऱ्याच वेळाने त्यांनी काच खाली केली.

"अगं," ते म्हणाले, "दूध नासेल."

"आलेच," बाई म्हणाल्या, आणि आणखी वीस मिनिटं बोलत राहिल्या.